सिगरेट सोडून व्हेपवर (ई-सिगरेटवर) आलं तर हार्टला खरंच फायदा होतो का?

लेस्टरकर (धागाकर्ता):
मोठ्या भावाला मागच्या वर्षी अ‍ॅटॅक आला, स्टेंट टाकला. आम्ही दोघंही इकडे इंग्लंडात. दादा कॉलेजपासून रोज पाकीटभर ओढणारा, गम झाले, पॅच झाले, काही टिकलं नाही, शेवटी इथल्या सिगरेट सोडवायच्या क्लिनिकमधून त्याला व्हेप मिळाला आणि सिगरेट सुटली ती सुटलीच. आता सांगलीहून रोज फोनवर तेच, एक व्यसन सोडून दुसरं धरलंस, मिळवलंस काय.

माझं मत स्पष्ट आहे. हार्टची वाट लावतो तो मुख्यतः धूर. तंबाखू जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे आधीच अरुंद झालेल्या नळीतून जे रक्त जातं त्यातही ऑक्सिजन कमी. क्लिनिकमध्ये नर्स एक छोटं मशीन देते, पंधरा सेकंद श्वास रोखायचा आणि नळीत हळूहळू फुंकायचं. दादाचा आकडा आधी लाल पट्ट्यात असायचा, व्हेपवर आल्यावर पुढच्याच भेटीत हिरवा, माझ्यासारख्या कधीच न ओढणाऱ्याचा येतो तसा.

शिवाय 2019 मध्ये स्कॉटलंडच्या डंडी युनिव्हर्सिटीचा अभ्यास आला होता, 114 सिगरेटवाले होते, ज्यांनी व्हेप घेतला त्यांच्या रक्तवाहिन्या एका महिन्यात जास्त चांगल्या फुलायला लागल्या. मग याला फायदा नाही तर काय म्हणायचं? मतं सांगा, विरोधी असली तरी चालतील.

ओपीडी_नंतर:
मशीनचा आकडा बरोबर आहे, पण ते मशीन फक्त कार्बन मोनॉक्साइड मोजतं, निकोटीन नाही. व्हेपचा झुरका घेतला की अ‍ॅड्रेनालिन वाढतं, ठोके वाढतात, बीपी चढतं, रक्तवाहिन्या आकसतात. हे सिगरेटमध्येही होतं आणि इथेही होतं. आणि डंडीचा अभ्यास नीट बघा, त्यात घेतलेल्या लोकांना हार्टचा आजार नव्हता, मुदत एक महिना, आणि ज्यांना सिगरेट सोडायचीच नव्हती ते वेगळ्या गटात ठेवलेले. स्टेंट टाकलेल्या माणसाला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

अजून एक. '95 टक्के कमी घातक' हा आकडा सगळीकडे फिरतो, इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्याने तो 2015 मध्ये उचलून धरला, पण तो मुळात तज्ज्ञांनी बसून केलेला अंदाज आहे, कोणी हार्ट अ‍ॅटॅक मोजून काढलेला नाही. धमन्या खराब व्हायला वीस-तीस वर्षं लागतात आणि व्हेप एवढी वर्षं ओढलेली माणसं अजून फारशी नाहीतच. माझ्याकडे बर्जरचे (तंबाखूमुळे हातापायाच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा आजार) पेशंट येतात, बिडीने पायाची बोटं काळी पडलेली तरुण माणसं, त्यांना आम्ही निकोटीन कोणत्याच रूपात चालणार नाही म्हणून सांगतो. वाफ म्हणजे पाण्याची वाफ असं कृपा करून कोणी समजू नका, त्यात बारीक कण असतात, लिक्विड तापवणाऱ्या तारेचे म्हणजे कॉइलचे धातू असतात, अ‍ॅक्रोलिन नावाचं विषारी रसायन असतं.

कृष्णाकाठ:
डॉक्टरसाहेब, आदर ठेवून सांगते, तुम्ही तुलना कशाशी करताय ते महत्त्वाचं. काहीच न ओढणाऱ्याशी केली तर व्हेप वाईटच. पण लेस्टरकरांच्या भावासमोर पर्याय होता तो परत सिगरेट. स्टेंटवाल्यांचा डेटाही आहे, कोरियात अँजिओप्लास्टी झालेल्या सुमारे 18 हजार सिगरेटवाल्यांचं पुढे काय झालं ते बघितलं, तर सिगरेट चालू ठेवणाऱ्यांपेक्षा पूर्ण सोडणाऱ्यांना आणि पूर्ण व्हेपवर गेलेल्यांना, दोघांनाही पुढचा त्रास कमी झाला.

आणि व्हेपने हार्ट अ‍ॅटॅक येतो म्हणून जो पेपर 2019 मध्ये अमेरिकेत गाजला तो 2020 मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातल्या काहींना अ‍ॅटॅक व्हेप सुरू करायच्या आधीच आलेला होता! बातमी सगळ्यांनी वाचली, मागे घेतल्याची कोणी नाही.

ओपीडी_नंतर:
तो पेपर चुकीचाच होता, त्याची बाजू मी घेत नाहीये. कोरियाचं म्हणाल तर तो बघून केलेला अभ्यास, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नाहीत. जे व्हेपकडे वळले ते कदाचित जास्त तरुण असतील, जास्त काळजी घेणारे असतील. आणि त्यातलं 'पूर्ण' हे शब्दशः घ्या. माझ्यासमोर येणारे बहुतेक जण दोन्ही ओढतात, ऑफिसात व्हेप आणि चहाला खाली उतरले की टपरीवर सिगरेट. हार्टच्या बाबतीत रोजची एक सिगरेटसुद्धा वीस सिगरेटच्या जवळपास निम्मी जोखीम देते, 2018 च्या ब्रिटिश अभ्यासात हे आलंय. कॅन्सरचा हिशोब वेगळा, पण हार्टला 'कमी केली' चालत नाही.

लेस्टरकर:
हे पटतंय आणि दादाच्या बाबतीत म्हणूनच मी कडक आहे, पार्टीतली एकसुद्धा नाही. पण एक विचारायचं होतं, त्याला अधूनमधून छातीत धडधड होते, घरचे लगेच व्हेपकडे बोट दाखवतात. ईसीजी नॉर्मल आला.

ओपीडी_नंतर:
कॉफी किती पितो ते विचारा. सिगरेटच्या धुरातले घटक लिव्हरला कॅफिन लवकर संपवायला लावतात, निकोटीन नाही, धूर. धूर बंद झाला की तेवढीच कॉफी रक्तात कितीतरी जास्त वेळ राहते. सिगरेट सोडलेल्याने कॉफी निम्मी करावी. काही औषधांचे डोसही याच कारणाने बदलावे लागतात, म्हणून सिगरेट बंद केल्याचं त्याच्या डॉक्टरला सांगितलंय ना बघा. आणि झोपताना व्हेप उशाशी असेल तर तो आधी दुसऱ्या खोलीत ठेवा. सिगरेट दहा-बारा झुरक्यांत संपते, विझवावी लागते. व्हेप संपतच नाही, माणूस रात्री कूस बदलताना पण ओढतो, मग धडधड होणारच.

रातराणी:
तुमची सगळी चर्चा पस्तीशीपुढच्या पुरुषांची आहे. माझा मुलगा अकरावीत, पुण्यात, त्याच्या दप्तरात हायलायटर पेनासारखी वस्तू सापडली, आंब्याचा वास. त्याने आयुष्यात सिगरेट ओढलेली नाही, तो कशावरून कशावर 'स्विच' झाला सांगा? भारतात 2019 च्या कायद्याने विक्री, आयात, साठा सगळं बंद, पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, तरी क्लासच्या बाहेर पोरांना मिळतंय. तुम्ही इथे मोठ्या माणसांना फायदा आहे म्हणून लिहिता आणि पोरं तेच आम्हाला मोबाइलवर दाखवतात. माझा व्हेपला सरसकट विरोध आहे आणि तो राहणार.

कृष्णाकाठ:
ताई, तुमची काळजी शंभर टक्के खरी आहे, सिगरेट न ओढणाऱ्या पोराला यात काहीच फायदा नाही, नुसतं नुकसान. पण बंदीने काय झालं तेही बघा ना. टपरीवर सिगरेट कायदेशीर, महाराष्ट्रात सुटी विकायला 2020 पासून बंदी तरी सुटीच मिळते, आणि त्याहून कमी घातक वस्तू मात्र काळ्या बाजारात, आत काय भरलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नाही. ब्रिटनमध्ये निकोटीनला मिलीलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा तरी आहे, आणि 2025 च्या जूनपासून वापरून फेकायचे व्हेप तिथे बंद झाले, ते मुख्यतः पोरांसाठी आणि कचऱ्यासाठी. मोठ्यांना औषधासारखं द्यायचं आणि पोरांपासून लांब ठेवायचं, दोन्ही एकदम करता येतं.

रातराणी:
ब्रिटनमध्ये येत असेल, आपल्याकडे 2012 पासून गुटखा बंद आहे, किती बंद आहे ते कुठल्याही एसटी स्टँडचे कोपरे सांगतील. मग व्हेप खुले करून 'पोरांपासून लांब' कोण ठेवणार आहे?

माळरान:
सोलापूरकडून एक मुद्दा. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे जेमतेम 4 टक्के आणि तंबाखू-चुना, गुटखा, मशेरीवाले 24 टक्क्यांच्या पुढे. आमच्या आज्या-मावश्या सकाळी तव्यावर मशेरी भाजून दात घासतात, त्यांना बीपी आहे, शुगर आहे, त्यांच्या हार्टचं कोण बोलणार? त्यांना व्हेपचा काडीचा उपयोग नाही. इथे लागतो सल्ला देणारा माणूस आणि गोळ्या-गम. 1800-112-356 ही सरकारी फुकट हेल्पलाइन आहे, धुराची असो की तोंडातली, दोन्ही तंबाखूसाठी, आमच्या गावात कोणाला माहीत नाही. त्यावर धागा काढा कोणीतरी.

लेस्टरकर:
माळरान, तो धागा तुम्हीच काढा, मी नक्की लिहीन.
बाकी माझं मत तेच आहे, दादासाठी व्हेप बरोबर होता. डॉक्टरांची 'व्हेप संपतच नाही' ही गोष्ट मात्र डोक्यात बसली. इंग्लंडातच 886 जणांवर झालेला 2019 चा अभ्यास मी वाचला होता, वर्षभर सिगरेट बंद राहिली ती व्हेपवाल्यांत 18 टक्क्यांची आणि गम-पॅचवाल्यांत 9.9 टक्क्यांची, हेच मी घरी सगळ्यांना ऐकवतो. पण त्याच अभ्यासात सिगरेट सुटलेल्या व्हेपवाल्यांपैकी 80 टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. क्लिनिकवाले म्हणतात घाई नको, सिगरेट परत सुरू होण्यापेक्षा व्हेप चालू राहिलेला परवडला.

ओपीडी_नंतर:
घाई नकोच, पण तारीख हवी. आत्ता किती मिलिग्रॅमचं लिक्विड आहे?

लेस्टरकर:
20.

ओपीडी_नंतर:
मग क्लिनिकला विचारून आधी 10 वर आणा. तो जास्त झुरके मारायला लागला किंवा सिगरेटची तलफ परत आली तर थांबा, तिथेच राहू द्या, मागे गेलात तरी हरकत नाही. आणि अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन चालू आहे ना? व्हेपच्या वादात घरोघरी त्या गोळ्या राहून जातात.