हेप-जी२ मध्ये पॅरासिटामॉल आणि फियालुरिडीन दोन्ही ‘सुरक्षित’ कशी?

थेंबभर_विष
यकृताला घातक ठरू शकणारे रेणू लवकर गाळण्यासाठी चाचणी बसवायची आहे. सध्याची मांडणी: हेप-जी२ पेशी (यकृताच्या गाठीपासून वाढवलेल्या), ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट, वेलमागे १५,००० पेशी, जास्त ग्लुकोजचं मीडियम, १० टक्के सीरम. सगळी औषधं डीएमएसओमध्ये विरघळवलेली, वेलमध्ये डीएमएसओ ०.५ टक्के. वरची मर्यादा सरसकट १०० मायक्रोमोलर, ४८ तास, मग एमटीटी (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी).

यकृताला घातक म्हणून माहीत असलेली औषधं लावून बघितली: ट्रोग्लिटाझोन पकडलं जातं. टोलकापोन जेमतेम. पॅरासिटामॉल आणि फियालुरिडीन साफ निसटतात. मूत्रपिंडासाठी एचके-२ (मूत्रपिंडाच्या नलिकेच्या पेशी) वर हीच पद्धत वापरली, तर सिसप्लॅटिनसुद्धा मवाळ दिसतं आणि टेनोफोविरचा काहीच परिणाम नाही. पेशी बदलाव्यात की पद्धत? की सरळ उपलब्ध माहितीवर संगणकीय मॉडेल शिकवावं?

पित्तनलिका
दोन्ही बदला, पण आधी पद्धत. पेशी महाग असतात.

पहिली गोष्ट, १०० मायक्रोमोलरची सरसकट मर्यादा काढून टाका. पॅरासिटामॉलची रक्तातली कमाल पातळी, म्हणजे सी-मॅक्स, नेहमीच्या डोसलाच १०० मायक्रोमोलरच्या आसपास असते. म्हणजे तुम्ही साध्या तापाच्या गोळीइतकंच औषध देऊन विषबाधेची वाट बघताय. प्रत्येक औषधाचा सी-मॅक्स शोधा आणि त्याच्या १ पटीपासून १०० पटीपर्यंत सात-आठ पायऱ्या लावा. १०० पट गाठण्याआधीच औषधाचा साका बसत असेल, तर तिथेच थांबा आणि तशी नोंद करा. सूक्ष्मदर्शकाखाली वेल न बघता काढलेला आयसी५० (परिणाम निम्म्यावर आणणारी मात्रा) बऱ्याचदा साक्याचाच असतो.

पॅरासिटामॉलच्या बाबतीत आणखी दोन अडचणी. खरं विष ते स्वतः नव्हे, तर सीवायपी२ई१ सारख्या एन्झाइमांनी त्यापासून बनणारं एनएपीक्यूआय. ते पेशीचं संरक्षण करणारं ग्लुटाथायोन संपवतं आणि मग पेशीच्या प्रथिनांना चिकटतं. हेप-जी२ मध्ये ही एन्झाइमं नगण्य असतात. शिवाय डीएमएसओ स्वतः सीवायपी२ई१ ला रोखतं, म्हणजे चांगल्या प्राथमिक (थेट यकृतातून काढलेल्या) पेशी आणल्या तरी तुमचा द्रावकच त्यांना वाचवणार. पॅरासिटामॉल थेट मीडियममध्ये विरघळवा, २० मिलिमोलरपर्यंत सहज जातं.

टोलकापोन मायटोकॉन्ड्रियाचं युग्मन तोडतं, म्हणजे इंधन जळतं पण त्यातून एटीपी ही ऊर्जा बनत नाही. भरपूर ग्लुकोज असलं की हेप-जी२ ग्लायकोलिसिसवर (मायटोकॉन्ड्रियाविना साखर फोडून) निवांत जगतात, मायटोकॉन्ड्रिया बिघडला तरी त्यांचं फारसं अडत नाही. म्हणून जोडप्लेट लावा: एक ग्लुकोजची, दुसरी १० मिलिमोलर गॅलॅक्टोजची. गॅलॅक्टोजच्या प्लेटला डायलाइज केलेलंच (साखरेसारखे लहान रेणू काढून टाकलेलं) सीरम हवं, नाहीतर साध्या सीरममधलं ग्लुकोज सगळा खेळ बिघडवतं. २४ तास पुरतात. गॅलॅक्टोजमधला आयसी५० तीन पटींनी किंवा त्याहून खाली आला, तर मायटोकॉन्ड्रियावर संशय घ्या. कंट्रोल म्हणून रोटेनोन हे मायटोकॉन्ड्रियाचं ओळखीचं विष ठेवा.

एमटीटीऐवजी एटीपी मोजा, सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशींतून गळणारं एन्झाइम). एमटीटीचा रंग काही औषधं पेशींशिवायच पाडतात; एका ओळीत औषध आणि मीडियम, पेशी नाहीत, असा कंट्रोल लावला की लगेच कळतं. कडेच्या ३६ वेलमध्ये नुसतं बफर भरा, बाष्पीभवनाने तिथले आकडे नेहमी भरकटतात.

फियालुरिडीनला मात्र ४८ तासांत न्याय मिळणारच नाही. ते मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत शिरतं आणि नुकसान आठवड्यांनी दिसतं. हिपॅटायटिस-बीच्या रुग्णांवरच्या १९९३ च्या चाचणीत १५ पैकी ५ रुग्ण दगावले आणि दोघांना यकृत बदलावं लागलं; नेहमीच्या प्राणी-चाचण्यांत याची चाहूल लागली नव्हती. मानवी प्राथमिक यकृतपेशींचे गोलक करून १४ दिवस डोस दिला तर ते दिसतं.

नेफ्रॉन_४२
मूत्रपिंडाचं बोलतो. सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवू नका. कधीच नाही. डीएमएसओ प्लॅटिनमवरच्या क्लोराइडची जागा घेतं आणि औषध बरंचसं निकामी होतं. ०.९ टक्के सलाइनमध्ये १ मिग्रॅ/मिली बनवा, उजेडापासून झाका, फ्रिजमध्ये ठेवू नका (गारठ्यात स्फटिक होतात). कंट्रोल वेलला तेवढंच सलाइन द्या.

टेनोफोविर पेशीत शिरतं ते ओएटी१ या वाहकातून आणि एचके-२ मध्ये तो जवळपास नसतोच. दार बंद असताना आत काय होतं ते मोजण्यात अर्थ नाही. ओएटी१ घातलेल्या समीपस्थ नलिकेच्या पेशी घ्या आणि एका संचात तो वाहक अडवणारं प्रोबेनेसिड द्या. प्रोबेनेसिडने विषारीपणा उतरला, तर वाहकाचा मार्ग सिद्ध झाला. पुढे उंदरांवर जाल तेव्हा रक्तातल्या क्रिएटिनिनवर विसंबू नका, ते फार उशिरा चढतं. लघवीतलं किम-१ (इजा झालेल्या नलिकेचं प्रथिन) कितीतरी आधी बोलतं.

उभा_आडवा_छेद
मॉडेलबद्दल. डीआयएलआयरँक या यकृत-इजेच्या चिंतेनुसार लावलेल्या यादीत १,०३६ औषधं आहेत: १९२ जास्त चिंतेची, २७८ कमी चिंतेची, ३१२ चिंता नसलेली, २५४ संदिग्ध. संदिग्ध वगळाच. फक्त १९२ विरुद्ध ३१२ घेतली, तरी डोळे मिटून सगळ्यांना ‘सुरक्षित’ म्हणणारं मॉडेल ६२ टक्के अचूक निघतं, त्यामुळे नुसत्या अचूकतेचा आकडा कुणी दाखवला तर बाजूला ठेवा. संवेदनशीलता (घातक किती पकडली) आणि विशिष्टता (सुरक्षित किती बरोबर ओळखली) वेगवेगळ्या मागा.

संचाची विभागणी यादृच्छिक केली, तर एकाच सांगाड्याची भावंडं दोन्ही बाजूंना पडतात आणि मॉडेल पाठांतरावर पास होतं. रासायनिक सांगाड्यानुसार विभागा. क्षार आणि मूळ रेणू एकच धरा. तुलनेसाठी साधा नियम ठेवा: रोजचा डोस १०० मिग्रॅ किंवा जास्त आणि लॉगपी (तेलात विरघळण्याचा कल) ३ किंवा जास्त, तर धोका धरा. एवढ्याशा नियमालाही मागे टाकता येत नसेल, तर खोल न्यूरल नेटवर्कचा थाट कशाला?

आणि फ्लुक्लोक्सासिलिनसारखी औषधं तुमच्या कुठल्याही प्लेटमध्ये दिसणार नाहीत. तिथे धोका एचएलए-बी*५७:०१ हा जनुकप्रकार असलेल्यांना जास्त, आणि मारा प्रतिकारशक्तीचा. अशी औषधं ‘चाचणी चुकली’ म्हणून मोजू नका, वेगळ्या रकान्यात टाका.

थेंबभर_विष
गोलकांसाठी पेशी किती, आणि सीरम ठेवायचं का? ट्रोग्लिटाझोन ९९ टक्क्यांहून जास्त प्रथिनांना बांधलं जातं, म्हणून विचारतोय.

पित्तनलिका
कमी चिकटणाऱ्या ९६ वेल प्लेटमध्ये वेलमागे १,५०० पेशी, हलकं सेंट्रिफ्यूज, मग चार-पाच दिवस हात लावू नका. जुळणी होईपर्यंत सीरम चालेल, डोस सुरू करताना काढा. सीरम नसलं की जवळपास सगळं औषध मुक्त राहतं आणि एकूण सी-मॅक्सशी केलेली तुलना कडक होते. कडक चालेल, पण सर्व औषधांना एकच माप लावा. अर्ध्यांना एकूण आणि अर्ध्यांना मुक्त सी-मॅक्स लावला की क्रमवारीच खोटी ठरते.

मीडियम दर दोन-तीन दिवसांनी निम्मंच बदला, पिपेटचं टोक वेलच्या भिंतीला टेकवून. आणि बदलल्यावर प्लेट एकदा बघाच. पिपेटमधून ओढला गेलेला गोलक एटीपीत शून्य दाखवतो आणि हुबेहूब मेलेल्या गोलकासारखा दिसतो.