अमेरिकेतल्या पोलिसांवर राष्ट्राध्यक्षांचा हात कुठपर्यंत पोचतो?

केदार_सातारा:

2014 साली पोलिसाच्या गोळीनं मायकल ब्राऊन हा कृष्णवर्णीय तरुण मेला आणि फर्ग्युसन गाव पेटलं तेव्हा व्हाइट हाउसमध्ये ओबामा होते, 2020 साली पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेले आणि मिनिॲपोलिस शहर पेटलं तेव्हा ट्रम्प. वाद दोन्ही वेळा तोच झाला. एक गट म्हणतो, पोलीस गावचे, राष्ट्राध्यक्षांना बोल लावून उपयोग नाही. दुसरा म्हणतो, वरच्यानं मनावर घेतलं तर वर्षभरात चित्र पालटेल. आपल्याकडे पोलीस राज्यसूचीत येतात, त्यामुळे जाब गृहमंत्र्यांना विचारायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिथं जाब कुणाला विचारायचा? राष्ट्राध्यक्षांच्या हातात नेमके कोणते अधिकार असतात आणि ते कुठं अडतात, हे जाणकारांनी सांगावं. शिवाय वंशभेदाबद्दल प्रत्येक जण वेगळा आकडा तोंडावर फेकतो, त्यातला कोणता धरायचा तेही सांगा.

अनुजा_दे:

राज्यसूचीची तुलना अर्धीच लागू पडते. आपल्याकडे हवालदारापासून महासंचालकापर्यंत राज्याची एक साखळी तरी असते. अमेरिकेत साखळीच नाही. जवळपास 18,000 स्वतंत्र दलं आहेत. शहराचं वेगळं, कौंटीच्या शेरीफचं वेगळं, राज्याचं वेगळं, कित्येक विद्यापीठांचंसुद्धा वेगळं. शहराचा पोलीसप्रमुख बहुतेक ठिकाणी महापौर किंवा नगर प्रशासन नेमतं, शेरीफ बहुतेक ठिकाणी थेट निवडून येतो, आणि पोलिसावर खटला भरायचा की नाही हे ठरवणारा स्थानिक सरकारी वकीलही बहुधा निवडूनच येतो. केंद्र सरकारला राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपल्या कामाला जुंपता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1997 च्या प्रिंट्झ खटल्यात स्पष्ट केलं. म्हणजे हुकूम सोडण्याचा मार्ग बंद.

उरतं ते न्याय खातं. 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला मारल्याचं चित्रीकरण बाहेर आलं आणि एक त्रुटी उघडी पडली. एका पोलिसावर फौजदारी खटला भरता येत होता, पण अख्ख्या दलाची रीतच बिघडली असेल तर केंद्राच्या हातात काही नव्हतं. 13 सप्टेंबर 1994 रोजी क्लिंटन यांनी ज्या गुन्हेगारीविरोधी कायद्यावर सही केली, त्यात एक छोटं कलम घालून हे भोक बुजवण्यात आलं. तो कायदा लोकांना आठवतो तो एक लाख नव्या पोलिसांसाठी दिलेल्या पैशांमुळे. या कलमाकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

काम असं चालतं. नागरी हक्क विभागाचे वकील शहरात येतात. बळाच्या वापराचे अहवाल, बॉडीकॅमची चित्रणं, तक्रारींच्या फायली, झडत्यांच्या नोंदी तपासतात, गस्तीच्या गाडीत बसून फिरतात, पोलिसांशी आणि रहिवाशांशी बोलतात. घटनेचं उल्लंघन हा त्या दलाचा प्रघात आहे असं दिसलं तर अहवाल जाहीर होतो. मग शहराशी वाटाघाटी होतात आणि जमलं तर संमतीचा हुकूमनामा तयार होतो, ज्याला तिकडे कन्सेंट डिक्री म्हणतात. तो केंद्रीय जिल्हा न्यायालयात दाखल होतो, न्यायाधीश सही करतात आणि अंमलावर नजर ठेवायला स्वतंत्र मॉनिटर नेमला जातो.

खरी मेख त्या सहीत आहे. सही झाली की हुकूमनामा न्यायालयाचा होतो, मग राष्ट्राध्यक्ष बदलले म्हणून तो आपोआप रद्द होत नाही. सहीच्या आधी मात्र तो न्याय खात्याचा नुसता अर्ज असतो, नवं सरकार तो मागे घेऊ शकतं. तीन शहरांच्या तारखा शेजारी मांडल्या की हे लक्षात येतं.

बाल्टिमोरनं ओबामांच्या न्याय खात्याशी करार केला तो 12 जानेवारी 2017 ला, सरकार जायला आठवडा उरला असताना. ट्रम्प सरकारच्या नव्या ॲटर्नी जनरलनी, म्हणजे न्याय खात्याच्या प्रमुखांनी, 90 दिवसांची मुदत मागितली. न्यायाधीश जेम्स ब्रेडार यांनी ती नाकारून 7 एप्रिलला सही केली आणि हुकूमनामा वाचला. शिकागोचा अहवाल 13 जानेवारी 2017 ला आला, पण न्यायालयात काही दाखल व्हायच्या आतच सरकार बदललं. तिथं ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्याच्या ॲटर्नी जनरल लिसा मॅडिगन यांनी स्वतः दावा लावला आणि 2019 मध्ये हुकूमनामा मिळवला. मिनिॲपोलिसचा तपास 21 एप्रिल 2021 ला जाहीर झाला, अहवाल आला 16 जून 2023 ला, करार झाला 6 जानेवारी 2025 ला. म्हणजे जवळपास पावणेचार वर्षं गेली आणि सहीसाठी उरले चौदा दिवस. सही झाली नाही. मे महिन्यात नव्या न्याय खात्यानं प्रकरण मागे घेण्याचा अर्ज केला आणि न्यायालयानं ते निकाली काढलं.

त्यामुळे राष्ट्राध्यक्षांची जबाबदारी मोजायची तर मी भाषणांच्या आधी या तारखा बघते. बायडन यांच्या काळात सुरू झालेल्या 12 तपासांपैकी एकही न्यायाधीशांच्या सहीपर्यंत पोचला नाही. नव्या सरकारनं प्रकरणं सोडून दिली हा दोष त्याचा. ती इतक्या उशिरा न्यायालयात नेली हा दोष आधीच्या सरकारचा.

गणेश_पं:

अनुजाताईंनी यंत्रणा नेमकी मांडली आहे. मला एवढंच जोडायचंय की हुकूमनामा मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. लॉस एंजेलिसचा हुकूमनामा 2001 ते 2013 चालला. ओकलंडची तडजोड 2003 ची, तीही खासगी दाव्यातून आलेली, आणि तिच्यावरची न्यायालयाची देखरेख वीस वर्षांहून जास्त चालली. मॉनिटरचं बिल शहर भरतं. त्यात जे मोजता येतं ते सुधारतं. बळ वापरल्यावर अहवाल भरला का, सार्जंटनं तो ठरलेल्या दिवसांत तपासला का, प्रशिक्षणाचे तास झाले का. जे सुधारत नाही ते युनियनच्या करारात बसलेलं असतं. प्रमुखानं बडतर्फ केलेला पोलीस लवादाकडे जातो आणि पुष्कळदा कामावर परत येतो. त्या करारावर सही महापौरांची आणि नगर परिषदेची असते, वॉशिंग्टनची नाही.

आणि फर्ग्युसनचा अहवाल मुळातून वाचा. 4 मार्च 2015 ला दोन अहवाल एकाच दिवशी आले, लोक एकच लक्षात ठेवतात. पहिल्यात मायकल ब्राऊनवर गोळी झाडणाऱ्या पोलिसावर केंद्रीय खटला उभा राहत नाही असा निष्कर्ष होता. दुसऱ्यात अख्ख्या दलावर ठपका होता, आणि त्या ठपक्याचं मूळ नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात सापडलं. जेमतेम 21,000 वस्तीच्या गावानं 2015 च्या अंदाजपत्रकात दंड आणि शुल्कातून 30 लाख डॉलरहून जास्त उत्पन्न धरलं होतं, एकूण अंदाजित महसूल 1 कोटी 30 लाखांच्या थोडा वर. शहराचे अधिकारी पोलीसप्रमुखाला पावत्या वाढवायला सांगत होते. एका बाईनं 2007 मध्ये गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या, 151 डॉलर दंड आणि वर शुल्क. पैसे वेळेवर भरता आले नाहीत, तारखा चुकल्या, दर वेळी नवा दंड चढला. दोनदा अटक, सहा दिवस कोठडी. 2014 च्या डिसेंबरपर्यंत तिनं 550 डॉलर भरले होते आणि अजून 541 देणं बाकी होतं.

गावात 67 टक्के लोक कृष्णवर्णीय, अटक होणाऱ्यांत 93 टक्के. रस्त्यात ‘चुकीच्या पद्धतीनं चालण्याच्या’ गुन्ह्यात 95 टक्के. हे कुठल्याही राष्ट्राध्यक्षानं सुरू केलं नव्हतं. ते उजेडात आलं ते मात्र राष्ट्राध्यक्षांच्या खात्यानं तिथं माणसं पाठवली म्हणूनच.

मृणाल_आलेख:

आकड्यांबद्दल. पहिली अडचण अशी की पोलिसांच्या हातून किती माणसं मरतात याची पूर्ण सरकारी मोजदाद नव्हतीच. वॉशिंग्टन पोस्टनं 2015 पासून बातम्या आणि नोंदी जुळवून मोजायला सुरुवात केली. वर्षाला साधारण 1,000 माणसं पोलिसांच्या गोळीनं मरतात. संख्येनं त्यात गोरे जास्त असतात, पण लोकसंख्येच्या मानानं कृष्णवर्णीयांचा दर गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहे. दोन्ही विधानं खरी आहेत. वादात प्रत्येक गट आपल्या सोयीचं एक उचलतो.

पुढचा प्रश्न छेदाचा. भागायचं कशानं? लोकसंख्येनं, की पोलिसांशी गाठ पडलेल्यांच्या संख्येनं? रोलंड फ्रायर यांच्या अभ्यासात ह्यूस्टनच्या नोंदींवरून गोळीबारात वांशिक फरक दिसला नाही. ढकलणं, बेड्या घालणं अशा हलक्या बळात मात्र मोठा फरक दिसला. यावर गंभीर आक्षेप असा आला की पोलिसांच्या नोंदीत फक्त अडवलेली माणसंच असतात. कृष्णवर्णीयांना क्षुल्लक कारणावरून जास्त अडवलं जात असेल तर छेद आधीच फुगतो आणि गोळीबाराचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. म्हणजे भेदभावच भेदभाव झाकतो. मला हा आक्षेप पटतो.

हा पेच चुकवणारी एक पद्धत आहे, अंधाराच्या पडद्याची. संध्याकाळचे सात घ्या. उन्हाळ्यात सातला उजेड असतो, हिवाळ्यात अंधार. वेळ तीच, रस्त्यावरची रहदारीही साधारण तीच, फरक फक्त चालकाचा रंग दिसण्या-न दिसण्याचा. स्टॅनफर्डच्या गटानं देशभरातल्या जवळपास 10 कोटी थांबवण्यांच्या नोंदी जमवल्या. जिथं ही कसोटी लावता आली तिथं अंधार पडल्यावर थांबवलेल्यांत कृष्णवर्णीयांचा वाटा कमी झालेला दिसला. दुसरी कसोटी झडतीत काय सापडलं याची. फर्ग्युसनमध्ये कृष्णवर्णीय चालकांची झडती गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त वेळा होत होती, पण बेकायदा माल सापडण्याचं प्रमाण 26 टक्क्यांनी कमी होतं. पुरावा जास्त म्हणून झडती जास्त, हा बचाव इथं टिकत नाही. कुणी नुसता लोकसंख्येचा आकडा दिला किंवा नुसता गुन्ह्यांचा आकडा दिला, तर या दोन कसोट्यांचं काय झालं ते विचारा.

केदार_सातारा:

खूप स्पष्ट झालं, तिघांचेही आभार. दलाचं कळलं. पण एकट्या पोलिसानं अन्याय केला तर केंद्र काय करू शकतं? आणि लष्कर पाठवण्याचा विषयही राहिला.

श्रीपाद_नि:

एकट्या पोलिसासाठी केंद्रीय फौजदारी कायद्याचं 242 कलम आहे. त्यात अडतं ते एका शब्दावर, ‘हेतुपुरस्सर’. 1945 च्या स्क्रूज खटल्यापासून सरकारी पक्षाला नुसतं जास्त बळ वापरलं एवढं दाखवून भागत नाही. हक्क पायदळी तुडवायचाच असा आरोपीचा हेतू होता, हे सिद्ध करावं लागतं.

आपल्या लोकांना जवळचं उदाहरण 2015 च्या फेब्रुवारीतलं आहे. अलाबामातल्या मॅडिसन गावात नातवासाठी गुजरातहून आलेले 57 वर्षांचे आजोबा सकाळी फुटपाथवर फिरत होते. शेजारच्या कुणीतरी फोन केला, पोलीस आले. आजोबा सांगत होते ‘नो इंग्लिश’. एका पोलिसानं हात मागे धरून त्यांना तोंडावर आपटलं, मानेच्या मणक्याला इजा होऊन अंग लुळं पडलं. सगळं गाडीच्या कॅमेऱ्यात आलं. ओबामांच्या न्याय खात्यानं 242 खाली खटला भरला. ज्युरीचं एकमत दोनदा झालं नाही आणि 2016 च्या जानेवारीत न्यायाधीशांनी पोलिसाला दोषमुक्त केलं. कुटुंबाला जे मिळालं ते दिवाणी दाव्यातून. पोलिसानं मागितलेलं पात्र संरक्षण, म्हणजे दिवाणी दाव्यापासून अधिकाऱ्याला वाचवणारी क्वालिफाइड इम्युनिटी, 2020 मध्ये अपील न्यायालयानं नाकारलं आणि पुढच्या वर्षी साडेसतरा लाख डॉलरची तडजोड झाली. राष्ट्राध्यक्षांचं खातं सगळा जोर लावूनही कुठं अडतं ते इथं दिसतं. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द बदलायचा अधिकार संसदेचा. फ्लॉइड यांच्या नावाच्या विधेयकात तो बदल होता. प्रतिनिधीगृहानं ते 2020 आणि 2021 असं दोनदा मंजूर केलं, सिनेटमध्ये ते अडकलं.

माफीचाही विचार करा. राष्ट्राध्यक्षांची माफी केंद्रीय गुन्ह्यांपुरती. फ्लॉइड यांचा जीव घेणारा पोलीस डेरेक शॉविन याला मिनेसोटा राज्यानं साडेबावीस वर्षं आणि केंद्रीय न्यायालयानं 21 वर्षं दिली आहेत. केंद्राची शिक्षा उद्या माफ झाली तरी राज्याची कायम राहील. राजधानी वॉशिंग्टनला मात्र हे लागू नाही, कारण तिथल्या स्थानिक गुन्ह्यांवरही राष्ट्राध्यक्षांची माफी चालते. 2025 च्या जानेवारीत तिथल्या दोन पोलीस अधिकाऱ्यांना ती मिळाली.

लष्कराचा विषय 1807 च्या बंडाळी कायद्याचा, जो राष्ट्राध्यक्षांना देशातच सैन्य वापरू देतो. एरवी 1878 चा कायदा सैन्याला पोलिसी कामापासून दूर ठेवतो. 1957 मध्ये आयझेनहॉवर यांनी लिटल रॉकला 101 वी एअरबोर्न पाठवली ती गव्हर्नरच्या विरोधात, कृष्णवर्णीय मुलांना शाळेत जाता यावं म्हणून. 1992 मध्ये लॉस एंजेलिसला थोरल्या बुश यांनी सैन्य पाठवलं ते गव्हर्नरच्या मागणीवरून. सैनिक आणि पोलीस एकत्र आले की काय होतं ते त्याच वेळी कॉम्प्टनमध्ये दिसलं. घरगुती भांडणाच्या तक्रारीवर गेलेल्या पोलिसानं मागच्या मरीन सैनिकांना ‘कव्हर मी’ असं ओरडून सांगितलं. पोलिसी भाषेत त्याचा अर्थ बंदूक रोखून सज्ज राहा. मरीनच्या भाषेत अर्थ, गोळीबार करून समोरच्याला दाबून धरा. दोनशेहून जास्त गोळ्या त्या घरावर झाडल्या गेल्या. कुणाला लागली नाही हे नशीब.

आणि शब्दांनाही वजन असतं. 28 जुलै 2017 ला ट्रम्प यांनी लाँग आयलंडवर पोलिसांसमोर, आरोपीला गाडीत बसवताना फार सांभाळून घेऊ नका अशा अर्थाचं बोलून दाखवलं. मारहाण खपवून घेतली जाणार नाही, असं तिथल्या सफक कौंटीच्या दलाला जाहीर करावं लागलं. 2009 मध्ये केंब्रिजच्या पोलिसांनी एका कृष्णवर्णीय प्राध्यापकाला त्याच्याच घरी अटक केली, तेव्हा पूर्ण माहिती येण्याआधीच ओबामांनी पोलीस मूर्खपणे वागले असं म्हटलं, त्यानं पोलीस दुखावले आणि मूळ मुद्दा मागे पडला. हुकूम सोडता येत नाही, म्हणून तर राष्ट्राध्यक्षांनी तोंड जपून वापरायला हवं.

अनुजा_दे:

श्रीपाद, अलाबामाचं उदाहरण आणलंत ते बरं झालं. केदार, जाब कुणाला या तुमच्या मूळ प्रश्नावर अजून एक. 1994 च्या कलमासारखा अधिकार काही राज्यांनी स्वतःच्या ॲटर्नी जनरलना दिलाय. कॅलिफोर्नियात तो 2001 पासून आहे. कोलोरॅडोनं 2020 मध्ये कायदा केला आणि पुढच्याच वर्षी ऑरोरा शहराकडून हुकूमनामा घेतला. मिनिॲपोलिसमध्येही केंद्राचा करार बुडाला, पण राज्याच्या मानवी हक्क खात्यानं 2023 मध्ये शहराशी केलेल्या करारावर राज्याच्या न्यायालयाची सही आधीच झालेली होती. वॉशिंग्टननं हात काढून घेतल्यावरही तो टिकला.