स्प्लिट ते दुब्रोव्हनिक : दोघांच्या बारा दिवसांच्या निवांत सहलीत मुक्काम किती असावेत?

प्रश्न – निवांतवाट

आम्ही दोघे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावर १२ दिवसांसाठी जाणार आहोत. स्प्लिटला उतरायचे आणि दुब्रोव्हनिकहून परतायचे, एवढेच ठरले आहे. आजवरच्या सहलींत पहाटे बॅगा भरून बस गाठण्यातच निम्मा उत्साह संपत आला, म्हणून या वेळी समुद्रात डुंबावे, काठावर बसावे आणि संध्याकाळी सावकाश फिरावे, एवढीच इच्छा आहे. गाडी चालवायची नाही आणि यजमानांचे गुडघे दुखतात. यादीत मात्र स्प्लिट, मग ब्राच, ह्वार, व्हिस, कोर्चुला, म्ल्येत ही बेटे आणि दुब्रोव्हनिक अशी सात नावे जमली आहेत. यांतली किती ठेवावीत? आणि तोवर पाणी गार होते का?

प्रतिसाद – दर्यावेडा

तीनच ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगेन : स्प्लिट ३ रात्री, कोर्चुला ५, दुब्रोव्हनिक ३. आम्ही पहिल्या खेपेला पाच ठिकाणे केली आणि प्रत्येक बदलात जवळजवळ अख्खा दिवस गेला, कारण सकाळी दहाला खोली सोडायची, पुढची खोली दुपारनंतर मिळायची आणि मधला वेळ धक्क्यावर सामान राखत उन्हात काढायचा. या तिन्ही गावांना जोडणाऱ्या जलद प्रवासी बोटी सप्टेंबरात चालू असतात. ऑक्टोबरपासून त्यांच्या फेऱ्या कमी होतात.

स्प्लिटला घाईने ओलांडू नका. रोमन सम्राट डायोक्लेशियन इ. स. ३०५ मध्ये स्वेच्छेने राज्यत्याग करून इथे राहायला आला आणि त्याच्या राजवाड्यातच पुढे गाव वसले. आजही त्या भिंतींच्या आत लोक राहतात, दोऱ्यांवर कपडे वाळतात. पुन्हा सत्ता स्वीकारण्याची गळ घालणाऱ्यांना त्याने ‘मी लावलेले कोबी पाहिलेत, तर असे म्हणणार नाही’ या अर्थाचे उत्तर दिल्याची कथा आहे. निवांतपणा शोधणाऱ्या दोघांनी सहलीची सुरुवात इथूनच करावी, असे मला मनापासून वाटते.

कोर्चुलाच्या जुन्या गावात मधला रस्ता माशाच्या कण्यासारखा आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्या काट्यांसारख्या आहेत. पश्चिमेच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यातली झुळूक आत यावी. पूर्वेच्या किंचित वळवलेल्या, म्हणजे हिवाळ्यातला बोचरा वारा अडावा. दुपारी पश्चिमेच्या गल्लीत उभे राहिलात, की ही रचना अंगाला जाणवते. मात्र गल्ल्यांना पायऱ्या आहेत, म्हणून खोली तटाबाहेर, बंदराजवळच्या सपाटीवर घ्या.

प्रतिसाद – शांतसागर

पाण्याची चिंता नको. उन्हाळाभर तापलेला समुद्र सावकाश निवतो, त्यामुळे सप्टेंबरअखेरचे पाणी जूनच्या सुरुवातीपेक्षा उबदार लागते, साधारण २२-२३ अंश. किनारे मात्र वाळूचे कमी आणि गोट्यांचे जास्त आहेत, शिवाय खडकांना समुद्री अर्चिन हे काळ्या काट्यांचे जीव चिकटलेले असतात. माझ्या पत्नीच्या टाचेत असा एक काटा मोडला आणि आमचे दोन दिवस बसून गेले, म्हणून रबरी तळव्याचे पाण्यातले बूट अवश्य न्यावेत. अनेक ठिकाणी सिमेंटच्या कट्ट्यावरून थेट पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी असते. दुखऱ्या गुडघ्यांना गोट्यांवरून तोल सावरत जाण्यापेक्षा ती सोयीची पडते.

पोहणे सकाळी उरकावे, कारण दुपारी माएस्त्राल हा समुद्रावरचा वारा सुटतो आणि लाटा उठतात. बुरा हा डोंगरावरून उतरणारा गार वारा जोरात असला, तर बोटी रद्द होऊ शकतात. त्यामुळे विमानाआधीच्या रात्री बेटावर नसाव्यात, आणि वर सुचवलेल्या आखणीत ते आपोआप साधते.

फक्त एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. गर्दी नको असेल, तर कोर्चुलाच्या दोन रात्री कमी करून व्हिसला द्या. युगोस्लाव्हियाच्या काळात तिथे लष्करी तळ होता आणि १९८९ पर्यंत परदेशी प्रवाशांना बंदी होती. त्यामुळे मोठ्या हॉटेलांची रांग तिथे उभी राहिली नाही.

प्रतिसाद – तटबंदी

दुब्रोव्हनिकबद्दल थोडे. तटावरची फेरी सुमारे १९४० मीटरची आहे आणि तीत पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघ्यांसाठी ती सोडून केबल कारने स्र्ज डोंगरावर जावे. लाल कौलांचे अख्खे गाव आणि लोक्रुम बेट तिथून एका नजरेत येते. क्रोएशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात १९९१ मध्ये उद्ध्वस्त झालेली ही केबल कार २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेन या सामाईक व्हिसाच्या युरोपीय क्षेत्रात आहे, पण जवळचे कोटोर हे गाव त्या क्षेत्राबाहेरच्या माँटेनेग्रो देशात येते. तिकडे एक दिवस जायचे असेल, तर परत येण्यासाठी अनेक प्रवेशांचा शेंगेन व्हिसा लागेल.

निवांतवाट

सर्वांचे आभार. व्हिसचा मोह होतो आहे, पण त्यासाठी बोटीचा आणखी एक बदल करावा लागेल, म्हणून ३-५-३ हेच पक्के केले. कोर्चुलाला बंदराजवळची तळमजल्यावरची खोली आज ठरवली. यजमानांचे बूट उद्या आणणार आहोत.