मालकम पेठ कशी वसली?

वाईकर:
महाबळेश्वरच्या बाजारवस्तीचा उल्लेख जुन्या कागदपत्रांत मालकम पेठ असा येतो. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. परंतु तेव्हा हा सारा डोंगर सातारच्या छत्रपतींच्या राज्यात होता. मग दुसऱ्याच्या मुलखात कंपनी सरकारने वसाहत कोणत्या आधारावर उभारली आणि तेथील मूळ रहिवाशांचे काय झाले?

अजिंक्यतारा:
आधार १८२९ च्या कराराचा होता. साताऱ्यात असलेले लष्करी अधिकारी लॉडविक १८२४ मध्ये या पठारावर चढून गेले आणि तेथील हवेची वाखाणणी होऊ लागली. पुढे रेसिडेंट, म्हणजे सातारा दरबारातील कंपनीचे प्रतिनिधी, ब्रिग्ज यांच्या सांगण्यावरून छत्रपती प्रतापसिंहांनी साताऱ्याहून वर रस्ता बांधून घेतला. आजारी गोऱ्या सैनिकांना व अधिकाऱ्यांना प्रकृती सुधारण्यासाठी थंड हवेचे ठाणे हवे, म्हणून माल्कम यांनी ही जागा मागितली आणि तिच्या बदल्यात वाईकडील खंडाळा हे गाव छत्रपतींना देण्यात आले. कागदावर ही अदलाबदल बरोबरीची दिसते. तथापि, ज्या राज्याचे अस्तित्वच १८१९ च्या तहाने कंपनीच्या मर्जीवर ठेवले होते, त्याला अशी मागणी नाकारणे कितपत शक्य होते, हे ध्यानात घेतलेच पाहिजे. याच प्रतापसिंहांना कंपनीने १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले.

कोयनाकाठ:
मूळ रहिवाशांविषयी थोडे लिहितो, कारण स्थळवर्णनांत त्यांना क्वचितच जागा मिळते. पेठेपासून काही अंतरावरचे क्षेत्र महाबळेश्वर हे फार जुने तीर्थ असून कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या नद्यांच्या उगमामुळे तेथे यात्रेकरूंची ये-जा कायम असे. रानात कोळी, कुळवाडी, धनगर आणि धावड राहत. धावड दगडातून लोखंड गाळत आणि भट्टीसाठी लागणारा कोळसा रानातल्याच लाकडाचा करत. इंग्रजी अमलात जंगल राखण्याचे नियम कडक झाले, लाकूडतोडीवर बंधने आली आणि त्यांचा हा धंदा बसला. वसाहतीची खरी किंमत मला येथे दिसते. बंगल्यांना नावे कोणाची दिली, हा त्यामानाने गौण विषय आहे.

वाईकर:
दोघांचेही आभार. रस्ते आणि बागा यांसाठी मजूर कोठून आले?

अजिंक्यतारा:
काही काम कैद्यांकडून करून घेतले गेले. मलाक्का-सिंगापूरकडील इंग्रजी ठाण्यांतून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी येथे तुरुंग होता आणि तो १८६४ पर्यंत चालला. या कैद्यांनी बटाटे व इतर भाजीपाला पिकवला आणि युरोपीय बिऱ्हाडांच्या स्वयंपाकघरांची गरज भागवली. वेण्णा तलाव मात्र कंपनीच्या खर्चाने झालेला नाही. तो प्रतापसिंहांच्या मागून गादीवर आलेल्या त्यांच्या बंधूंनी, आप्पासाहेब महाराजांनी, १८४२ च्या सुमारास बांधवला.