पुढच्या चाकाला मागचा टायर?

ट्राइकच्या (तीन चाकी मोटरसायकलच्या) पुढच्या चाकाला मोटरसायकलचा मागचा टायर उलट्या दिशेने लावतात, ते बरोबर का, या प्रश्नावर थोडी भर.

मागे दोन चाकं असलेली ट्राइक वळणावर कलत नाही. त्यामुळे गोल माथ्याच्या टायरचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, आणि वळताना टायरवर आडवा जोर येतो. म्हणून चपट्या माथ्याचा, भक्कम बाजूंचा मागचा टायर पुढे सुचवला जातो. दिशा उलटी करण्याचं कारण ब्रेकमध्ये आहे: मागच्या टायरचे थर इंजिनाची ओढ सोसण्यासाठी जोडलेले असतात, पुढच्या चाकावर मुख्य जोर ब्रेकचा, म्हणजे नेमका विरुद्ध. तरीही टायर कंपनीची स्पष्ट परवानगी असेल तरच हे करा. रिमची रुंदी आणि लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) जुळला पाहिजे. कारचा टायर मात्र मी कधीच सुचवणार नाही, त्याची बीड (रिमवर बसणारी टायरची कडा) मोटरसायकलच्या रिमसाठी घडवलेलीच नसते.

बसवताना बीडला साबणपाणी नीट लावा आणि लिव्हरच्या (टायर चढवायच्या पट्टीच्या) समोरची बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरा, मग जोर लागत नाही. हवा भरल्यावर बाजूवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. कुठे आत गेली असेल तर हवा सोडून पुन्हा बसवा, छापलेल्या मर्यादेपुढे दाब वाढवू नका. टायर आणि फोर्क (चाक धरणारे दांडे), तसंच टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट तपासा, हँडलही दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा.