मदत हवी आहे: पिपने पांडाज अपग्रेड केलं, तरी स्क्रिप्टमध्ये १.५.३ च दिसतंय

प्रश्न
डेबियन १२ (लिनक्स). पायथनची डेटा हाताळायची लायब्ररी पांडाज नवी करायला पिप (पायथनची पॅकेजेस बसवणारं साधन) वापरून `पिप इन्स्टॉल --अपग्रेड पांडाज` चालवलं, शेवटी २.२.३ बसल्याचा संदेश आला. `पिप शो पांडाज` पण २.२.३ च सांगतंय. स्क्रिप्ट चालवली की मात्र १.५.३ छापलं जातं. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडलं, फरक नाही. स्क्रिप्टची पहिली ओळ `#!/यूएसआर/बिन/पायथन३` अशी आहे. पायएन्व्हने (वेगवेगळी पायथन व्हर्जन्स बसवणारं साधन) ३.१२ सुद्धा टाकलेलं आहे.

उत्तर
दोष त्या पहिल्या ओळीत आहे. ती स्क्रिप्टला सिस्टिमच्या पायथनकडे पाठवते. डेबियन १२ मध्ये तो ३.११ असतो आणि त्याचं पांडाज १.५.३, एपीटीने (डेबियनचं पॅकेजेस बसवणारं साधन) आलेलं. तुमचा `पिप` मात्र पायएन्व्हच्या ३.१२ चा आहे. प्रत्येक पायथनचं पॅकेजेस ठेवायचं फोल्डर (साइट-पॅकेजेस) वेगळं, त्यामुळे एकात केलेलं अपग्रेड दुसऱ्याला दिसत नाही.

खात्री करायला `पिप -व्ही` चालवा, ओळीच्या शेवटी कंसात पायथनचं व्हर्जन येतं. मग स्क्रिप्टमध्येच `पांडाज.__फाइल__` छापून बघा. व्हर्जनपेक्षा हा पाथ जास्त उपयोगी, कारण शेजारी चुकून `पांडाज.पीवाय` नावाची फाइल पडलेली असेल तर तीसुद्धा इथेच पकडली जाते.

नुसतं `पिप` लिहायची सवय सोडा. `पायथन३ -एम पिप` लिहिलं की ज्या पायथनला हाक मारली त्याचाच पिप चालतो.

प्रश्नकर्ता
पाथ `/यूएसआर/लिब/पायथन३/डिस्ट-पॅकेजेस` निघाला, म्हणजे सिस्टिमचाच. म्हणून `/यूएसआर/बिन/पायथन३ -एम पिप इन्स्टॉल -यू पांडाज` दिलं, तर `एक्स्टर्नली-मॅनेज्ड-एन्व्हायर्नमेंट` एरर. त्यातच `--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस` सुचवलंय. वापरू का?

उत्तर
कृपया नको. सिस्टिमच्या पायथनवर एपीटीची इतर पॅकेजेस अवलंबून असतात. पिपने नवं पांडाज किंवा नमपाय (पांडाजला लागणारी गणिती लायब्ररी) त्यात घुसवलं की त्यातलं एखादं नंतर मोडतं, आणि तेव्हा कारण शोधणं फार जड जातं. ही अडवणूक पीईपी ६६८ (पायथनचा एक अधिकृत प्रस्ताव) नुसार मुद्दाम ठेवलेली आहे.

वेगळं एन्व्हायर्नमेंट (`व्हेन्व्ह`, म्हणजे स्वतःची पॅकेजेस असलेलं स्वतंत्र फोल्डर) करा:

`सुडो एपीटी इन्स्टॉल पायथन३-व्हेन्व्ह`
`/यूएसआर/बिन/पायथन३ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह`
`.व्हेन्व्ह/बिन/पायथन -एम पिप इन्स्टॉल "पांडाज>=२.२,<३"`

अवतरण चिन्हं विसरू नका. ती नसतील तर शेल `>` आणि `<` ला रीडायरेक्शन समजतो. फक्त `पांडाज>=२.२` उघडं लिहिलं तर एररही येत नाही: पिपला नुसतं `पांडाज` मिळतं, आउटपुट `=२.२` नावाच्या फाइलमध्ये जातं आणि अट गळून पडते.

पुढे स्क्रिप्ट `.व्हेन्व्ह/बिन/पायथन स्क्रिप्ट.पीवाय` अशी चालवा, अ‍ॅक्टिव्हेट करायची गरज नाही. क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालत असेल तर तिथे पूर्ण पाथ द्या.

आणखी एक उत्तर
वरचं बरोबर, पण १.५ वरून २ वर जाताना कोडही तपासा. २.० मध्ये डेटाफ्रेमचं `अपेंड` आणि `आयटरआयटम्स` काढून टाकलंय. त्याऐवजी `कॉनकॅट` आणि `आयटम्स`. जुन्या व्हर्जनवरच आधी `/यूएसआर/बिन/पायथन३ -डब्ल्यू एरर::फ्यूचरवॉर्निंग स्क्रिप्ट.पीवाय` चालवा, अशा जागी स्क्रिप्ट थांबेल. थांबली की ती ओळ बदलायची आणि पुन्हा चालवायची.

एन्व्हायर्नमेंटमध्ये काय जुनं झालंय ते `पिप लिस्ट --आउटडेटेड` दाखवतं. ती यादी दिसली म्हणून सगळं एकदम वर न्यायचं नाही. आधी `पिप फ्रीझ > रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी` करून सध्याची व्हर्जन्स लिहून ठेवा, मग एकेक पॅकेज. `-यू` दिलं तरी पिप अवलंबून असलेली पॅकेजेस गरज असेल तरच हलवतो, हे २०१८ च्या पिप १० पासून डिफॉल्ट आहे. प्रत्येक वेळी नंतर `पिप चेक`, पॅकेजेसचा एकमेकांशी मेळ बसतो का ते बघायला. ही सगळी `पिप` म्हणजे अर्थात `.व्हेन्व्ह/बिन/पायथन -एम पिप`.

प्रश्नकर्ता
झालं. `__फाइल__` आता `.व्हेन्व्ह` मधला पाथ दाखवतंय, व्हर्जन २.२.३. `अपेंड` दोन ठिकाणी सापडलं, दोन्हीकडे `कॉनकॅट` केलं. `पिप चेक` स्वच्छ.