मदत हवी आहे: तिरकी टाइल कुठून सुरू करू?
नमस्कार मंडळी. हॉलमध्ये २ बाय २ फुटांची व्हिट्रिफाइड टाइल ४५ अंशात तिरकी बसवायची आहे. खोली १० बाय १२, पण गुनियात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. दाराकडची भिंत १० फूट, खिडकीकडची ९ फूट १० इंच. (जुनं बांधकाम, काय बोलणार!) मिस्त्री म्हणतो, दाराच्या कोपऱ्यापासून सुरू करू. मला वाटतं, मध्यावर ३-४-५ ने (३, ४ आणि ५ फूट बाजूंचा त्रिकोण आखून) काटकोन धरून दोरी मारावी, म्हणजे कडेचे तुकडे दोन्ही बाजूंना सारखे येतील. काल एक ओळ कोरडी मांडून पाहिली, तर उंबऱ्याशी जेमतेम बोटभर त्रिकोण उरतो, कापताना तुटणारच. मध्य थोडा सरकवू, की भिंतीलगत सरळ पट्टा घेऊन आत तिरकं बसवू? आणि १५ टक्के जादा माल पुरेल ना? उघडलेल्या पेटीतला माल दुकानदार परत घेत नाही.